चव बुडाला लागते

भट्टीत भाजलेली टर्की ताटात गेली की मागे ट्रे उरतो, आणि तो पाहून बहुतेक घरांत एकच विचार येतो: हा आता रात्रभर भिजत घालावा लागणार. वर पिवळसर चरबी, तिच्याखाली तांबूस रसाचे डबके, कडेने आणि कोपऱ्यांत घट्ट चिकटलेले तपकिरी डाग. भांडी घासणाऱ्याला हा वैताग वाटणारच. पण त्या अख्ख्या पक्ष्याची सगळ्यात दाट चव ह्याच डागांत असते, आणि युरोप-अमेरिकेत टर्कीबरोबर वाढतात ती ग्रेव्ही ह्याच डागांची करतात. वरची चरबी काढून घ्यायची, तीत मैदा परतायचा, ट्रेमध्ये हाडांचा गरम अर्क ओतून डाग खरवडून विरघळवायचे आणि सगळे एकत्र उकळायचे. काम दहा-पंधरा मिनिटांचे. आपल्याकडे ही कृती साहेबी समजली जाते, आणि हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गाबाहेर तिच्याकडे फारसे कोणी बघत नाही. हा समज चुकीचा आहे. भोपाळच्या जुन्या शहरात ज्याला कोरमा नीट भुनता येतो, त्याच्या हाताला ही ग्रेव्ही आधीच ठाऊक असते. फक्त भांडे वेगळे आणि पाणी घालण्याची वेळ वेगळी. दोन्हीकडे रश्श्याचा खमंगपणा भांड्याच्या बुडाशी तयार होतो, आणि मसाल्याचा डबा त्यानंतर उघडतो.

टर्कीपुरते बोलायचे तर हा पक्षी हिंदुस्थानात नवा नाही. अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर तो गोव्याला पोचला, आणि १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या वस्तूंत तो जहांगीर बादशहासमोर आला. बादशहाने त्याचे वर्णन आपल्या आठवणींत लिहून ठेवले आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतले. त्या पक्ष्याचे मन्सूरचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चित्रातला पक्षी इतका रुबाबदार आहे की त्याला भट्टीत घालायची कल्पना जरा जिवावर येते. आपल्याकडे बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने टर्कीची ‘कारी विराट’ ही जातही तयार केली आहे. तरीही भोपाळच्या बाजारात टर्की रोज मिळणारी वस्तू नाही, आणि पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी ती लागतही नाही. अख्खी कोंबडी भाजली तरी ट्रेमध्ये तेच घडते. मध्य प्रदेशाचा अभिमान असलेला झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो मात्र ह्या कामाला फारसा उपयोगी नाही: अंगाला चरबी कमी आणि मांस चिवट. भट्टीपेक्षा मंद आचेवरचा रस्सा त्याला मानवतो.

मराठी वाचकाला भोपाळ आठवते ते १७३७ च्या डिसेंबरातल्या लढाईमुळे. बाजीरावाने तिथे निजामाला कोंडले, त्याची रसद तोडली आणि दोराहाच्या तहापर्यंत आणले. म्हणजे भोपाळशी आपली पहिली मोठी ओळख उपासमारीच्या मार्गाने झाली. दुसरी ओळख अधिक सुखाची. १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरकडची अनेक कुटुंबे तिथे येऊन राहिली. त्यामुळे एकाच शहरात रस्सा करण्याच्या दोन परंपरा शेजारी आल्या. नागपूरकडच्या पद्धतीत कांदा, सुके खोबरे, खसखस, धणे, दगडफूल हे सगळे आधी वेगळे भाजून घेतात, वाटतात आणि मग मांसाला भेटवतात. नवाबी भोपाळच्या पद्धतीत मांस, तळलेला कांदा आणि दही एकाच देगचीत जातात आणि भाजण्याचे काम तिथेच, तळाशी चालते. पाश्चात्य भट्टीत ते ट्रेच्या कोपऱ्यात होते. तीन स्वयंपाकघरे, तीन जागा; पण कोणत्याही जागी एक अट पाळल्याशिवाय खमंगपणा येत नाही.

ती अट म्हणजे पाणी हटले पाहिजे. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथे पाणी ९८ अंश सेल्सियसच्या थोडे वर गेले की उकळते. भांड्यात पाणी आहे तोवर तुम्ही खाली कितीही जाळ करा, आतला पदार्थ त्या आकड्यापाशीच अडून राहतो. जास्तीची उष्णता वाफ होऊन उडून जाते. आणि ज्या क्रियेने मांस, कांदा, पाव, कॉफी हे सगळे तपकिरी आणि सुगंधी होतात, तिला वेग येतो १४० अंशांच्या आसपास. कच्च्या मटणात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. म्हणून मटण देगचीत पडले की सुरुवातीला ते भाजले जात नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजते. ह्या वेळी कान दिला तर रटरट ऐकू येते. मग पाणी आटत जाते, बुडबुडे मोठे आणि चिकट होतात, आवाज जड होतो, आणि एका क्षणी रटरटीची चरचर होते. त्याच सुमारास कडेने तेल सुटते. हे तेल नव्याने कुठून आलेले नसते. आतापर्यंत ते पाण्यात आणि मसाल्यात विखुरलेले होते, पाणी गेल्यावर त्याला तिथे राहायला जागा उरली नाही. ‘तेल सुटेपर्यंत परता’ हे आपल्या प्रत्येक कृतीतले वाक्य म्हणजे खरे तर तापमानाची सूचना आहे: आता शंभराची वेस ओलांडली, आता रंग चढेल. थर्मामीटर नसलेल्या स्वयंपाकघरांनी हे मोजमाप कानाने आणि डोळ्याने केले, आणि ते चांगलेच बिनचूक आहे.

ह्या रंगामागचे रसायन १९१२ मध्ये लुई-कामिय माइयार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडले. साखर आणि प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले एकत्र तापवली की मिश्रण तपकिरी होते, हे त्याने दाखवले. पुढे १९५३ मध्ये जॉन हॉज ह्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने त्या क्रियेच्या पायऱ्या लावून दिल्या. एका पदार्थाचे दुसऱ्यात रूपांतर होण्याइतका हा प्रकार साधा नाही. त्यातून शेकडो सुगंधी रेणू तयार होतात, आणि कोणते होतील ते मांस कोणते, साखर कोणती, आम्ल किती, आच किती ह्यावर अवलंबून असते. म्हणून कोंबडीच्या ट्रेचा वास आणि मटणाच्या देगचीचा वास एक नसतो. ह्या विषयात एक जुनी दंतकथाही चिकटून बसली आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला असे मत मांडले की तीव्र आचेने मांसावर कवच तयार होते आणि रस आत कोंडला जातो. पाकशास्त्राच्या पुस्तकांनी ते पिढ्यान्पिढ्या उतरवून घेतले. हॅरॉल्ड मॅगी ह्याने १९८४ च्या आपल्या पुस्तकात ते खोडून काढले. खरे तर त्यासाठी पुस्तकही नको. मांसाला कवच बसून रस आत अडत असता तर ट्रेमध्ये रस आला कुठून? तव्यावर टाकलेला तुकडा शेवटपर्यंत चरचरत असतो, तो बाहेर पडणाऱ्या रसाचाच आवाज. भाजण्याने रस वाचत नाही. तो बाहेर येतो, आटतो, बुडाला चिकटतो आणि तिथे त्याचा रंग पालटतो.

आता हा चिकटलेला थर परत मिळवायचा कसा, इथे भोपाळचा आणि साहेबाचा रस्ता वेगळा होतो, पण हत्यार एकच आहे: पाणी. तपकिरी थरातला बराचसा भाग पाण्यात विरघळणारा असतो. तेलात तो सुटत नाही, म्हणून नुसते तेल वाढवून बूड खरवडणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. भुनाई करणारा स्वयंपाकी चरचर सुरू झाल्यावर थोडा वेळ थांबतो, तळाला रंग धरू देतो आणि करपण्याच्या आत पाण्याचा हबका मारतो. चर्र आवाज होतो, वाफ उठते, बूड क्षणात मोकळे होते आणि तो रंग मसाल्यात मिसळतो. पाणी पुन्हा आटते, पुन्हा रंग धरतो, पुन्हा हबका. दह्याचे पाणीही हेच काम करते. प्रत्येक फेरीत कोरमा एका छटेने गडद होतो. युरोपी ग्रेव्हीत ही वसुली एकरकमी, शेवटी होते. भोपाळी भुनाईत ती हप्त्याहप्त्याने होते. हप्त्यांचा फायदा असा की कोणताही थर फार वेळ आचेवर एकटा पडत नाही, त्यामुळे कडू होण्याचा धोका कमी. तोटा असा की स्वयंपाक्याला चुलीपासून हलता येत नाही. ट्रेला तशी राखण लागत नाही, पण ट्रे निवडताना डोके लागते. पक्ष्याच्या मानाने ट्रे फार मोठा असेल तर रस पातळ पसरून काळा पडतो. फार लहान आणि खोल असेल तर रस साचून राहतो आणि त्याचा नुसता काढा होतो. पक्ष्यापेक्षा बोटभर मोठा, जाड बुडाचा ट्रे घ्यावा, खाली कांद्याच्या जाड चकत्या टाकाव्यात आणि कडा काळवंडताना दिसल्या तर अर्धी वाटी पाणी घालावे. म्हणजे तिथेही एक हबका आलाच.

भांड्याचा प्रश्न इथेच निकालात काढलेला बरा, कारण हल्लीच्या अनेक बेचव रश्श्यांचे मूळ त्यात आहे. नॉनस्टिक भांड्याला काही चिकटत नाही, हाच त्याचा गुण आणि ह्या कामापुरता तोच दोष. जे चिकटतच नाही त्याचा थर बनत नाही. रस मांसाभोवती तरंगत राहतो आणि फिकट शिजतो. जाड बुडाचे स्टील, बिडाचे भांडे किंवा कल्हईचे पितळी-तांब्याचे पातेले ह्यांना रंग धरतो. मात्र बिडाच्या भांड्यात टोमॅटो किंवा दही फार वेळ ठेवले तर लोखंडाची चव उतरते, आणि कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये, कारण कथील २३२ अंशांनाच वितळते. तांब्याची देगची, वर घट्ट झाकण आणि झाकणावर निखारे, ही दमाची जुनी रचना खालून-वरून उष्णता देते. तिला गरिबाची भट्टी म्हणावेसे वाटते, पण ती वापरणारे घर नवाबाचे होते!

ग्रेव्ही दाट करण्याबद्दल मात्र आपल्याकडे खरी नाराजी आहे. रश्श्यात मैदा घालणे म्हणजे फसवणूक, खळ करून पानात वाढणे, असे पुष्कळांना वाटते. पण त्याच भोपाळमध्ये सकाळी खाल्ली जाणारी निहारी पाण्यात कालवलेल्या कणकेनेच दाट करतात. सावजी रश्श्याला ज्वारीच्या पिठाचा आधार देणारे विदर्भात आहेत. आणि कढीला बेसन लावताना कोणाचे मन खात नाही. पीठ हा दोष नाही, कच्चे पीठ हा दोष आहे. गव्हाच्या पिठातले स्टार्चचे कण साठ अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगू लागतात आणि उकळीच्या जवळ पूर्ण दाटपणा देतात. कोरडे पीठ सरळ गरम रसात टाकले तर बाहेरचा थर लगेच फुगून बंद होतो, आत पीठ कोरडेच राहते आणि गुठळी होते. पिठले करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे. त्यावर दोन उपाय. एक निहारीचा: पीठ थंड पाण्यात सैल कालवून घालणे. दुसरा ग्रेव्हीचा: पीठ आधी चरबीत परतणे, म्हणजे प्रत्येक कण तेलाने माखून सुटा राहतो आणि कच्चा वासही जातो. प्रमाण साधे आहे. एक कप, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर रसाला दोन टेबलस्पून चरबी आणि दोन टेबलस्पून मैदा. पीठ बदामी होईपर्यंत परतले तर चव खुलते, पण दाट करण्याची ताकद घटते, तेव्हा चमचाभर जास्त घ्यावे. कॉर्नफ्लोअर निम्मे पुरते, रस्सा चकचकीत होतो, पण तो फार उकळला की पुन्हा सैल पडतो. भोपाळी कोरम्याला ह्यातले काही लागत नाही, कारण तळून चुरलेला कांदा आणि आटलेले दही हेच त्याचे दाटपण. चुलीवर ग्रेव्ही किंचित पातळ वाटावी अशीच उतरवावी. निवताना ती घट्ट होते. मीठ अगदी शेवटी, कारण ट्रेमधला रस आधीच आटून खारट झालेला असतो.

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यात वजनदार आक्षेप घरातूनच येतो: कोल्हापूरचा पांढरा रस्सा काय, भोपाळचाच रेझाला काय, त्यांत रंग कुठे आहे? रेझाला हिरवी कोथिंबीर, हिरवी मिरची आणि दह्यावर उभा असतो. पांढऱ्या रश्श्यात मटणाचा अळणी अर्क, नारळाचे दूध आणि खसखस. दोन्हींत तपकिरी काही नाही, आणि दोन्ही उत्तम लागतात. हे मान्यच केले पाहिजे. त्यांची चव दुसरीकडून येते. हाडे आणि सांध्यांतले कोलॅजन मंद आचेवर तासन्‌तास शिजून जिलेटिन होते आणि रश्श्याला ओठांना चिकटणारा गुळगुळीतपणा देते. त्यावर चरबी आणि कोथिंबीर-मिरचीचा ताजा वास. पण ही चव वेगळ्या जातीची आहे, गोलाई देणारी, खमंग नव्हे. म्हणूनच पांढऱ्या रश्श्याची वाटी क्वचितच एकटी येते, शेजारी तांबडा असतो. माझे म्हणणे खमंग रश्श्यापुरते आहे, आणि तिथे बुडाला पर्याय नाही. टर्कीच्या ग्रेव्हीत तर दोन्ही चवी एकत्र आणता येतात: मान, पंखांची टोके आणि (काळीज वगळून) आतले अवयव आधीच पाण्यात उकळत ठेवायचे आणि त्याच अर्काने ट्रे खरवडायचा.

दुसरा आक्षेप तब्येतीचा, आणि तो हसून उडवण्यासारखा नाही. मांस फार तापले की त्यात हेटरोसायक्लिक अमाइन नावाची द्रव्ये तयार होतात; प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत त्यांनी कर्करोग होतो, माणसांतला पुरावा अजून ठाम नाही. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने ही द्रव्ये टाळण्यासाठी जे उपाय सुचवले आहेत, त्यांत मांसाचा करपलेला भाग काढून टाकणे आहे आणि भाजताना गळलेल्या रसाची ग्रेव्ही टाळणेही आहे. म्हणजे ह्या लेखाचा विषयच त्यांच्या यादीत आहे. त्याच यादीत मांस वारंवार हलवत-परतत राहण्याचाही सल्ला आहे, कारण त्याने पृष्ठभागाचे तापमान आवाक्यात राहते. भुनाई नेमके हेच करते, आणि प्रत्येक हबका तापमान खाली ओढतो. तेव्हा सावधपणे खायचे तर ट्रेपेक्षा देगची बरी, आणि ट्रेच्या बाबतीत नियम एकच: तपकिरी ते घ्यावे, काळे ते टाकावे. काळा थर चाखून पाहिला तर जीभच नकार देते. तो ग्रेव्हीत गेला तर साखर घालूनही कडूपणा झाकत नाही. ही ग्रेव्ही सणासुदीची, रोजची नव्हे, हेही ह्यात आलेच. चरबीची काळजी असेल तर तिचे उत्तर सोपे आहे: रस उंच भांड्यात ओतून ठेवला की चरबी वर येते, पिठापुरती ठेवून बाकी काढून घ्यावी. चव खालच्या रसात असते.

तिसरा आक्षेप वेळेचा. कुकर आहे, तयार मसाल्याची पाकिटे आहेत, मग अर्धा तास देगचीपाशी उभे कोण राहणार? कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जाते, मांस भराभर मऊ होते, कोलॅजनही विरघळते. पण आत सगळे ओलेच असते, त्यामुळे रंगाची मजल तिथे गाठली जात नाही. तडजोड आहे. कांदा, मांस आणि मसाला उघड्या कुकरमध्ये चरचर येईपर्यंत परतावा, दोन-तीन हबके द्यावेत, बूड खरवडून साफ दिसले की मगच पाणी घालून झाकण लावावे. मांसाचे तुकडे एकदम सगळे न टाकता दोन हप्त्यांत टाकले तर ते स्वतःच्या पाण्यात पोहत बसत नाहीत. पाकिटातला मसाला ह्यावर घातला तर तोही जरा बरा लागतो.

राहता राहिले शाकाहारी घर, आणि ते ह्या सगळ्यातून वगळले जायचे कारण नाही. लोणी कढवून तूप गाळल्यावर खाली उरणारी बेरी म्हणजे दुधातली प्रथिने आणि दुधातली साखर ह्यांचा तोच तपकिरी थर; माइयारची क्रिया मांस आहे की दूध हे विचारत नाही. ती पोरांना साखर घालून देतात, ते उत्तमच. पण त्याच कढईत एक कांदा उभा चिरून गडद बदामी परतावा, मूठभर मश्रूम किंवा वांग्याच्या फोडी त्यांचे पाणी पूर्ण आटेपर्यंत परताव्यात, बूड तांबूस दिसले की गरम पाणी ओतून उलथन्याने खरवडावे, आणि थंड पाण्यात कालवलेला चमचाभर कणकेचा पातळ घोळ लावून दोन उकळ्या काढाव्यात. भाताबरोबर वाढताना वरून लिंबू पिळावे.